बॅरलला आधी तोटी बसवा, मग पाणी साठवा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

पावसाळा तोंडावर आलाय. आता आपल्या पेपरात दरवर्षीप्रमाणं एकीकडं पाणी अडवा पाणी जिरवाच्या बातम्या येतील आणि दुसरीकडं डेंग्यूच्या. दोन्ही बातम्या खऱ्या असतात, दोन्ही महत्त्वाच्या असतात, पण या दोन्हींच्या मधोमध आपल्या दारात एक वस्तू उभी असते जिच्याबद्दल कुणी काही लिहीत नाही, ती म्हणजे दोनशे लिटरचं निळं प्लास्टिकचं बॅरल. मी औसा तालुक्यात प्लंबिंगची कामं करतो. आमच्या भागात पत्र्याच्या घराला, गोठ्याला, शेडला पन्हाळ लावून खाली बॅरल ठेवलेलं नाही असं घर शोधावं लागतं, पण त्यातल्या बहुतेक बॅरलांना तोटीच नसते. वरून झाकण काढायचं, तांब्या किंवा डबा बुडवायचा आणि पाणी घ्यायचं, पिढ्यान् पिढ्या रांजणातून घेत आलो तसंच. मला या पत्रातून एवढंच सांगायचंय की तोटी नसलेलं बॅरल हे अर्धवट काम आहे, आणि तोटी नीट बसवणं हे कुणालाही घरी जमण्यासारखं काम आहे, फक्त ते बरोबर केलं पाहिजे.

आधी तोटी का पाहिजे ते सांगतो. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन, एवढं बॅरल एकट्या माणसाला कलतं करता येत नाही, म्हणून ते कधीच पूर्ण रिकामं होत नाही. खालचं पाणी तसंच राहतं, त्यावर नवा पाऊस पडतो, परत भरतं, आणि तळाला गाळ, पत्र्यावरची धूळ, पाखरांची घाण साचत जाते. डेंग्यूचा डास, एडिस, हा गटारात अंडी घालत नाही, तो असल्याच साठवलेल्या बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात घालतो. अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटतात आणि पाणी आटलं तरी महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतात, परत पाणी आलं की फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्याकडच्या उकाड्यात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी घासून पुसून घ्या असं सांगतात. सांगणं बरोबर आहे पण तोटी नसलेलं भरलेलं बॅरल कोरडं करायचं म्हणजे ओतूनच द्यावं लागतं.

आणि इथंच खरी अडचण होते. आशाताई आणि आरोग्य खात्याची माणसं घरोघर भांडी तपासायला येतात, बॅटरी मारून बघतात, अळ्या दिसल्या की पाणी ओतायला सांगतात. ज्या बाईनं ते पाणी धरून ठेवलंय तिच्या जिवावर येतं. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतंय, बोअर कधी बंद पडेल सांगता येत नाही, आणि पावसानं भरलेलं बॅरल अंगणात ओतून द्यायचं! त्या आशाताईचंही चुकत नाही आणि या बाईचंही चुकत नाही. तोटी असली असती तर आठव्या दिवशी उरलेलं पाणी बादल्यांत काढून धुण्याला, गुरांना, झाडांना लावता आलं असतं, तळाचं थोडं पाणी कलतं करून काढलं असतं, काथ्यानं आतून घासलं असतं आणि परत झाकण लावलं असतं. आणखी एक, तोटी असली की झाकण उघडायची गरजच पडत नाही, त्यामुळं डास आत शिरत नाही, लेकराबाळांचे मातीचे हात पाण्यात जात नाहीत, आणि चालायला लागलेलं लेकरू बॅरलवर चढून वाकायची भीती राहत नाही. म्हाताऱ्या माणसाला कंबरेत वाकून तळातलं पाणी काढावं लागत नाही हेही काही कमी नाही.

आता काही जण म्हणतील एका बॅरलनं काय होतंय. हिशोब सांगतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, एवढं सोपं गणित आहे. दहा बाय वीस फुटाच्या पत्र्याच्या शेडवर, म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटरवर, 15 मिलिमीटर पाऊस झाला तर पावणेतीनशे लिटरच्या आसपास पाणी उतरतं, उडून सांडून गेलेलं धरलं तरी एक बॅरल भरतं. 15 मिलिमीटर म्हणजे काय फार मोठा पाऊस नाही. मराठवाड्यात पावसाळ्यात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, पण तो सलग पडत नाही, तीन दिवस झोडपतो आणि मग तीन आठवडे उघडीप देतो. 2023 चा ऑगस्ट आठवा, देशात 1901 पासूनच्या नोंदीतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. एक बॅरल दुष्काळ हटवत नाही हे मलाही कळतं, जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशोबानं पाच माणसांच्या घराला रोज 275 लिटर लागतात, म्हणजे एक बॅरल एक दिवससुद्धा पुरत नाही. पण भांडी घासायला, हातपाय धुवायला, संडासला, शेळीला वासराला पाजायला जे पाणी लागतं ते यातून निघालं तर हापशावरच्या तेवढ्या खेपा वाचतात, आणि त्या खेपा घरातली बाई किंवा शाळेतली पोरगी करते हे आपल्याला सगळ्यांना माहिती आहे.

2016 च्या एप्रिलमधे मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाकीचे डबे, होत्या आणि पाच लाख लिटर पाणी होतं. एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे अडीचशे बॅरल. अडीचशे घरांनी एका चांगल्या पावसात एकेक बॅरल धरलं तर एक वाघीण भरते. तो उन्हाळा ज्यानं बघितलाय त्याला पन्हाळीतून वाहून जाणारं पाणी बघवत नाही.

आता कामाचं सांगतो, सविस्तर सांगतो, कारण चुका इथंच होतात.

सगळ्यात आधी बॅरल कोणतं आहे ते बघा. आपल्याकडं जुनी बॅरलं भंगारवाल्याकडून किंवा बाजारातून येतात आणि ती कारखान्यातून आलेली असतात. त्यात आधी काय होतं ते विचारा, लेबल बघा, वास घेऊन बघा. कीटकनाशक, तणनाशक, अ‍ॅसिड, केमिकल असलेलं बॅरल कितीही धुतलं तरी घरच्या पाण्याला वापरू नका, गुरांच्या पाण्यालाही नको. प्लास्टिकच्या अंगात ते मुरलेलं असतं. तेल, सरबत, लोणचं असल्या खायच्या मालाचं असेल तर घ्या. पांढरं अर्धपारदर्शक घेण्यापेक्षा निळं किंवा काळं घ्या, आत उजेड गेला की शेवाळ धरतं.

मग तोटीचं सामान. दुकानात टाकी निप्पल म्हणून मागा, म्हणजे भोकात बसवायची, बाहेरून आटे (स्क्रूसारख्या खाचा) असलेली आखूड नळी, तिच्यासोबत कॉलर (आत अडकणारी रुंद कडा), रबरी वायसर (वॉशर) आणि नट येतो. वायसर दोन घ्या, आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक. एक तोटी, एक टेफ्लॉन टेप. बस एवढंच, नव्या बॅरलच्या किमतीपुढं हा खर्च किरकोळ आहे.

तोटी अर्धा इंची घ्यावी का पाऊण इंची, असं लोक विचारतात. बॅरलमधल्या पाण्याला जोर नसतो, वरच्या टाकीसारखी उंची मिळत नाही, एक मीटर उंच पाण्याला जेमतेम दीड पीएसआय (दाब मोजायचं माप) प्रेशर येतं, आणि बॅरल रिकामं होत जाईल तसं तेही कमी होतं. म्हणून धार बारीक वाटते. पाऊण इंचीच्या तोंडाचं क्षेत्रफळ अर्धा इंचीच्या सव्वादोन पट असतं, त्यामुळं जमलं तर पाऊण इंचीच घ्या. आणि फिरवून उघडायच्या साध्या तोटीपेक्षा पाव फेऱ्यात उघडणारा बॉल वॉल्व घ्या, त्यात पाण्याची वाट सरळ असते. पितळी तोटी टिकते पण जड असते, बॅरलच्या पातळ अंगाला तिचा ओढा बसतो, त्यामुळं मी प्लास्टिकची चांगल्या प्रतीची सुचवतो, फक्त ती सावलीच्या बाजूला ठेवा, आपल्याकडं मे महिन्यात 42-43 डिग्री ऊन असतं आणि उन्हात प्लास्टिक कडक होऊन तडकतं.

भोक. इथं बहुतेकांचं काम बिघडतं. अर्धा इंची निप्पल म्हटलं की लोक अर्ध्या इंचाचं भोक पाडायला जातात. तो अर्धा इंच आतल्या वाटेचा असतो, बाहेरच्या आट्याचं माप त्यापेक्षा बरंच मोठं असतं. अर्धा इंचीच्या आट्याची बाहेरची जाडी जवळपास 21 मिलिमीटर, पाऊण इंचीची साडेसव्वीस, एक इंचीची सव्वातेहतीस. भोक त्याच्यापेक्षा अगदी थोडं, अर्धा-एक मिलिमीटर मोठं पाहिजे, म्हणजे अर्धा इंचीला 22 आणि पाऊण इंचीला 27 चा कटर चालतो. तरी निप्पल कंपनीप्रमाणं थोडं इकडंतिकडं असतं, म्हणून आधी सामान आणा, मोजा, मगच भोक पाडा. ड्रिल मशीनला होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायचा दातेरी कटर, लावून पाडलेलं भोक सगळ्यात चांगलं, गोल आणि साफ येतं. गावातल्या सुताराकडं नाहीतर इलेक्ट्रिशियनकडं तो असतो, पाच मिनिटांचं काम आहे.

आपल्याकडं सर्रास चुलीत सळई किंवा पाइपाचा तुकडा लाल करून भोक पाडायलेत. मी हे करू नका असं हात जोडून सांगतो. एक तर वितळलेल्या प्लास्टिकची कडा वर येते, वायसर त्याच्यावर सपाट बसत नाही आणि तोटी आयुष्यभर ठिबकत राहते. दुसरं, बॅरलमधे आधीचं काही ज्वलनशील राहिलेलं असेल तर आतली वाफ पेट घेऊ शकते, बंद बॅरल फुटू शकतं, माणूस जाऊ शकतो. कुणी आधीच तसं भोक पाडलेलं असेल तर धारदार ब्लेडनं ती कडा आतून बाहेरून छाटून पॉलिशपेपर मारून सपाट करून घ्या.

भोकाची जागा तळापासून तीन-चार इंच वर ठेवा. अगदी तळाला ठेवलं तर गाळ तोटीत येतो आणि नट आवळायला जागाही मिळत नाही. तोटीखाली वीस-पंचवीस लिटर पाणी राहील, ते राहू द्या, तेवढं बॅरल एका माणसाला कलतं करता येतं आणि घासायच्या दिवशी गाळासकट ते काढून टाकता येतं. भोक कड्यांवर किंवा जोडाच्या रेषेवर नको, सपाट जागा बघून पाडा.

बसवताना कॉलर आतून, कॉलर आणि बॅरलच्या मधे रबरी वायसर, मग निप्पलचा आटा भोकातून बाहेर, बाहेरून दुसरा वायसर आणि मग नट. पाणी अडवतो तो वायसर. टेफ्लॉन टेप नटाखाली गुंडाळून गळती थांबत नाही, टेपचं काम तोटी आणि निप्पल जिथं जुळतात त्या आट्यावर आहे, तिथं आट्याच्या दिशेनं पाच-सहा वेढे द्या. नट हातानं पूर्ण आवळा आणि मग पान्यानं पाव-अर्धा फेरा, बास. ताकद लावून आवळलं की बॅरलचं अंग आत दबतं, वायसर एका बाजूनं उचलला जातो आणि जास्त गळायला लागतं.

आणि कृपा करून एम-सील, फेविक्विक, पाइपाचं सोल्युशन लावत बसू नका. ही बॅरलं ज्या प्लास्टिकची असतात त्या पॉलिथिनला यातलं काहीच धरत नाही, चिकटल्यासारखं दिसतं आणि पहिल्या उन्हापावसात खवल्यासारखं निघून येतं. पीव्हीसी पाइपाला सोल्युशन धरतं म्हणून लोकांना वाटतं बॅरललाही धरेल, पण दोन्ही प्लास्टिकं वेगळी आहेत. इथं दाबून बसलेला रबर हाच उपाय आहे. गळत असेल तर नट सोडा, कडा बघा, वायसर बदला, परत बसवा.

उघड्या तोंडाचं बॅरल असेल तर हात आत जातो, काम सोपं आहे. पण बंद तोंडाचं, वर नुसती दोन इंची बुचं असलेलं बॅरल असेल तर लोक वरचा भाग करवतीनं कापून टाकतात आणि मग झाकणच राहत नाही. त्याची गरज नाही. तोटीसाठी पाडलेल्या भोकातून बारीक तार आत सोडा, बुचातून ती ओढून बाहेर काढा, त्या तारेत वायसर घातलेलं निप्पल आट्याच्या बाजूनं ओवा, मागं खिळा आडवा बांधा म्हणजे निप्पल निसटणार नाही, आणि भोकाकडून तार ओढत न्या, निप्पल आपोआप भोकात येऊन बसतं. नट आवळताना ते आत फिरायला लागलं तर निप्पलच्या तोंडात लाकडाची पाचर घट्ट बसवून ती धरा. अर्धा इंची निप्पल दोन इंची बुचातून जातं, पाऊण इंचीची कॉलर अडकू शकते, म्हणून भोक पाडायच्या आधीच घालून बघा.

झालं की तोटीच्या वर वीतभर येईल एवढंच पाणी भरा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी खाली ओल दिसली नाही तर पूर्ण भरा. सेकंदाला एक थेंब गळाला तरी दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं, दोनशे लिटरचं बॅरल दीड महिन्यात नुसतं गळून रिकामं होतं.

बॅरल कशावर ठेवलंय तेही तेवढंच महत्त्वाचं. तोटीखाली घागर नाहीतर बादली बसली पाहिजे, म्हणून दीड फुटाचा ओटा करा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उघडीप पडली की भेगाळते, तिच्यावर नुसत्या विटा रचल्या की एका बाजूनं खचतात आणि दोनशे किलोचं बॅरल कलंडतं. खाली मुरूम ठोकून फरशी टाका, मग विटा किंवा दगड. तोटी गुरांच्या वाटेकडं नको, म्हशीनं अंग घासलं की निप्पल तुटतं.

वरच्या बाजूला पन्हाळीचं पाणी येतं त्या तोंडाला आणि जादा पाणी बाहेर जातं त्या भोकाला मच्छरदाणीचं कापड दोन पदरी घट्ट बांधा. झाकण हवाबंद असेल तर एक बारीक भोक ठेवून त्यालाही जाळी लावा, हवा आत जायला वाट नसेल तर तोटीतून पाणी अडखळत येतं. मोसमातला पहिला पाऊस बॅरलमधे घेऊ नका, पत्र्यावरची धूळ त्यात सगळी धुऊन निघते, नंतरच्याही प्रत्येक पावसाची पहिली दहा-पंधरा मिनिटं पन्हाळ बाजूला वळवा. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छपराच्या, घरांवरून उतरणारं पाणी गढूळच येतं, ते झाडांना आणि गुरांच्या गोठ्याला वापरा. आणि पत्र्यावरचं स्वच्छ दिसणारं पाणीही पिण्यासाठी वापरायचं झालं तर गाळून उकळूनच.

आता माझी मागणी. आरोग्य खात्याची माणसं घरोघर जातातच, त्यांनी पाणी ओतायला सांगतानाच बॅरलला तोटी बसवून घ्यायलाही सांगावं, आणि ग्रामपंचायतीनं मे महिन्यात गावात एक होल सॉ आणि एक माणूस दोन दिवस फिरवावा, ज्यांच्याकडं बॅरल आहे त्यांनी सामान आपलं आणावं. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी आयटीआय आहेत, प्लंबर ट्रेडची पोरं शिकायलेत, कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं गावात होतात, तिथं रस्ते झाडण्यासोबत हे काम घेतलं तर एका शिबिरात आख्ख्या गावाची बॅरलं होतील. पोरांचा हात बसेल आणि गावाचं काम होईल. निधी लागत नाही, टेंडर लागत नाही. दुकानदारांनाही विनंती आहे की टाकी निप्पल विकताना दोन वायसर द्या आणि भोकाचं माप गिऱ्हाइकाला तोंडी सांगा, एवढ्या एका वाक्यानं पुष्कळ बॅरलं वाचतील.

साहेब, तुमच्या पेपरात पावसाळ्याच्या आधी एखाद्या रविवारी या जोडणीचं साधं चित्र छापता आलं तर बघा, कॉलर आत, वायसर, बॅरल, वायसर, नट, तोटी, या क्रमानं. ते चित्र कापून लोक हार्डवेअरच्या दुकानात घेऊन जातील. पत्र लांबलंय हे मला दिसतंय, जागा कमी पडली तर बाकीचं कापा पण भोकाच्या मापाचा, वायसरचा आणि सळई तापवू नका हा भाग तेवढा राहू द्या.

आपला नियमित वाचक,
एक प्लंबर,
ता. औसा, जि. लातूर